कोहा लायब्ररी सॉफ्टवेअर: तालुक्याच्या वाचनालयात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

कोहा घ्यावं का, असं आजूबाजूच्या वाचनालयांतून सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. उत्तर हो असंच आहे. सॉफ्टवेअर भक्कम आहे, लायसन्सचा एक रुपया लागत नाही, आणि दहा हजार पुस्तकं असोत की लाखभर, ते दमत नाही. पण त्याच्यासोबत माहिती नीट लावणारा माणूस ठेवणार नसाल तर घेऊ नका, कारण मग कपाटातला गोंधळ जसाच्या तसा स्क्रीनवर येतो आणि स्क्रीनवरचा गोंधळ निस्तरायला जास्त कठीण असतो. आमचं सरकारमान्य सार्वजनिक वाचनालय आहे, निम्म्याहून कितीतरी जास्त पुस्तकं मराठी, थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, आणि स्पर्धा परीक्षेचा एक मोठा कप्पा. पुढचं सगळं अशा जागेच्या अनुभवावरून आहे, कॉलेज लायब्ररीचं गणित थोडं वेगळं असतं, तिथे इन्फ्लिबनेट या विद्यापीठांसाठीच्या सरकारी केंद्राचं ‘सोल’ नावाचं लायब्ररी सॉफ्टवेअर पण खूप ठिकाणी दिसतं.

कोहा मूळचं न्यूझीलंडचं. तिथल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की चालणार नव्हतं, आणि बाजारातली मोठी सॉफ्टवेअर त्यांना परवडत नव्हती, म्हणून त्यांनी १९९९ साली एका स्थानिक कंपनीकडून स्वतःचं लिहून घेतलं, जानेवारी २००० पासून ते वापरायला लागले आणि मग सगळ्या जगाला मोफत खुलं करून टाकलं. म्हणजे बघा, छोट्या गावांतल्या वाचनालयांची अडचण होती आणि तिच्यातून हे निघालंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते वापरताना जाणवतं. देवघेव, सभासद, दंड, पुस्तक खरेदी, मासिकांचे अंक, सगळं एकाच ठिकाणी आहे आणि सगळं ब्राउझरमधून चालतं, प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं काही टाकावं लागत नाही. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवीन व्हर्जन येतं. मागे एकदा एका परदेशी कंपनीने न्यूझीलंडमध्ये ‘कोहा’ नावाचाच ट्रेडमार्क घ्यायचा प्रयत्न केला होता, २०११ ची गोष्ट, तेव्हा जगभरच्या लायब्ररीवाल्यांनी आवाज उठवला, मदत पाठवली, आणि २०१३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे उद्या कोणी बंद करेल का ही भीती मनातून काढून टाका.

इन्स्टॉलेशन स्वतः करायला जाऊ नका, लिनक्स येणारा कोणीतरी गाठा. उबंटू किंवा डेबियनवर ते बसतं आणि जाणकाराला एक दिवस पुरतो. पण त्याला एक गोष्ट आधीच सांगा, की आमची पुस्तकं देवनागरीत आहेत, सर्चचं इंडेक्सिंग (शोधासाठी शब्दांची सूची बनवणं) आयसीयूवर, म्हणजे युनिकोडमधल्या सगळ्या लिप्या ओळखणाऱ्या सेटिंगवर लाव. कोहाच्या आत झेब्रा नावाचं सर्च इंजिन असतं आणि त्याची मूळची सेटिंग रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून केलेली आहे. ती तशीच राहिली तर मराठी शोध धड लागत नाही आणि मग लोक म्हणतात कोहात मराठी चालत नाही. चालतं, उत्तम चालतं, सेटिंग करावी लागते एवढंच. दुसरं म्हणजे तुमची जुनी यादी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, जी फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते, तर ती आधी युनिकोडमध्ये आणा आणि कन्व्हर्टर वापरल्यावर माणसाकडून वाचून घ्या. र्‍हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, ‘ऱ्या’ असलेले शब्द, इथे कन्व्हर्टर हमखास घोळ करतात आणि डोळ्यांना बरोबर दिसणारा शब्द मशीनला वेगळा वाटतो.

आता खरा विषय, नोंदी. कोहात प्रत्येक पुस्तकाची नोंद मार्क २१ नावाच्या साच्यात होते. मार्क ही १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तयार झालेली पद्धत, प्रत्येक माहितीला एक नंबर, २४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे मुख्य लेखक, ७०० मध्ये अनुवादक किंवा सहलेखक, ०८२ मध्ये ड्यूईचा वर्गांक, म्हणजे ड्यूई नावाच्या दशांश पद्धतीने ठरलेला विषयाचा आकडा, असं. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. पण कोहात आपल्याला हवी तेवढीच खाती ठेवून छोटा फॉर्म करता येतो, आम्ही तसा केलाय, आणि आमच्याकडे बारावी झालेली मुलगी तो फॉर्म व्यवस्थित भरते. साचा जगभर एकच असल्यामुळे फायदा असा की दुसऱ्या लायब्ररीने केलेली नोंद आपल्याला उचलता येते. झेड ३९.५० नावाची सोय आहे, पुस्तकाचा आयएसबीएन टाकायचा, ती लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणी जाऊन शोधते, सापडलं की आख्खी नोंद आपल्याकडे. इंग्रजी पुस्तकांना हे एकदम झकास.

मराठी पुस्तकांची मात्र वेगळीच कथा. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीला ऑफिस आहे, १९६२ पासून, पीएल ४८० या कायद्याखाली अमेरिकेने भारताला गहू विकला त्याचे जे पैसे रुपयांत जमा झाले त्यातून अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली जायची, त्यात मराठीही होती. त्यामुळे कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आपल्या जिल्ह्यात मिळत नाहीत पण वॉशिंग्टनच्या यादीत असतात. फक्त त्यांच्या बहुतेक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देऊन लिहिलेल्या. विद्वानांच्या कामाची ती पद्धत पक्की आहे, पण आमच्या सभासदाने देवनागरीत नाव टाकलं की त्याला शून्य रिझल्ट. म्हणून आम्ही नोंद उचलतो, शीर्षक आणि लेखक देवनागरीत पुन्हा लिहितो, आणि रोमन रूप पण ठेवतो. मार्कमध्ये ८८० नावाचं खातं याचसाठी आहे, तीच माहिती दुसऱ्या लिपीत. वेळ लागतो. जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, तिथे पुस्तक हातात घेऊन पहिल्या पानापासून नोंद करायची, दुसरा उपाय नाही.

हे काम नको म्हणून आमच्या कमिटीने सुरुवातीला एका एजन्सीला डेटा एन्ट्री दिली होती, नोंदीमागे ठरलेला दर. दाखल रजिस्टरवरून, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीवरून, त्यांनी भराभर टाइप करून दिलं, आकडा पूर्ण झाला, बिलही झालं. पण रजिस्टरमध्ये एकाच रकान्यात लेखक, संपादक, अनुवादक सगळं लिहिलेलं असायचं, ते त्यांनी सगळं लेखक म्हणून टाकलं. एकाच लेखकाची नावं कुठे आडनाव आधी, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे पूर्ण, कुठे मागे ‘कै.’ किंवा ‘डॉ.’ लावून. तीन खंडांचं पुस्तक असेल तर तीन वेगळी पुस्तकं, आणि दोन आवृत्त्या असतील तर त्या एकाच नोंदीत कोंबलेल्या. टाइप करणाऱ्या मुलांनी समोर होतं तेच मनापासून टाइप केलं होतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की अनुवादक आणि लेखक यांत फरक केला नाही तर वाचकाला काय भोगावं लागतं. कमिटीतल्या मंडळींना वाटलं होतं की हे टायपिंगचं काम आहे. ते टायपिंगचं काम नाहीये! मार्कएडिट नावाचं अजून एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात घाऊक दुरुस्त्या करता येतात, त्याने बरंच सावरलं, बाकीचं हाताने.

कोहाचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे अथॉरिटी. नाव कठीण वाटेल पण गोष्ट सरळ आहे, एका माणसाच्या नावाचं एक मान्य रूप ठरवायचं आणि त्याची बाकीची सगळी रूपं त्याच्याकडे वळवायची. मराठीला याची गरज फार, कारण आपल्याकडे टोपणनावांची परंपरा केवढी. आता कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच, पण कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं शिरवाडकर नावाने. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचंही तसंच, कविता एका नावाने आणि कादंबऱ्या दुसऱ्या. मग सगळी पुस्तकं एका नावाखाली आणायची, की दोन नावं ठेवून ‘हेही पहा’ म्हणून एकमेकांना जोडायची? नियमांप्रमाणे दुसरा रस्ता धरता येतो, आम्ही तोच धरला, कारण कवितेच्या वाचकाला कुसुमाग्रज हेच नाव माहीत असतं आणि त्याला तिथून नाटकांकडे जायची वाट दिसली की पुरे. केशवसुतांच्या बाबतीत मात्र दामले हे खरं आडनाव नुसतं वळणाचं, शोधलं तर केशवसुतांकडे न्यायचं. प्रत्येक ठिकाणी विचार करून निर्णय घ्यावा लागतो, तो लिहून ठेवावा लागतो, आणि पुढे येणाऱ्या माणसाने तो पाळावा लागतो. एक सूचना: अशी पर्यायी नावं सर्चमध्ये धरायचा पर्याय कोहात मुळात बंद असतो, तो चालू करून पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधायला सांगा, नाहीतर एवढं करूनही ‘दामले’ टाकलं की काही मिळणार नाही.

या सगळ्यालाच माहिती व्यवस्थापन म्हणतात, आणि हा एक स्वतंत्र विषय आहे, शिकून करायचा व्यवसाय आहे, हे आपल्या भागात अजून पटवून द्यावं लागतं याचं मला वाईट वाटतं. कारण याची सुरुवात आपल्यापासून लांब झालेली नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं, संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं आणि १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांचं ट्रेनिंग सुरू झालं, हिंदुस्थानात असं पहिल्यांदाच. मग मद्रासचे रंगनाथन, मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन शिकून आले, १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले आणि १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धत दिली. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, हा त्यांचा पहिला सिद्धांत. वाचकाचा वेळ वाचवा, हा चौथा. कोहातली कुठलीही सेटिंग करताना अडलं की मी हा चौथा लावून बघते, उत्तर मिळतं.

आणि हे फक्त पुस्तकांपुरतं नाही हो. सरकारी कचेरीतली फाइल सापडणं हाही तोच विषय. १९८० च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत बसवली गेली, ती लखिना पॅटर्न म्हणून आजही महाराष्ट्रातल्या कार्यालयांत शिकवतात. कुठला कागद कायम ठेवायचा, कुठला काही वर्षांनी नष्ट करायचा, ते अ, ब, क, ड असं आधीच ठरवायचं. २००५ चा माहिती अधिकार कायदा लोकांना अर्ज करण्यापुरता माहीत असतो, पण त्याच्या कलम ४ मध्ये पहिलीच गोष्ट सांगितलीय की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूची करून, नीट लावून ठेवावेत. कारण माहिती मागायचा हक्क दिला आणि ती सापडतच नसेल तर त्या हक्काचं काय करायचं? हॉस्पिटलचे केसपेपर, बँकेची कागदपत्रं, संग्रहालयाच्या वस्तू, सगळीकडे तेच: काय ठेवायचं, कुठल्या नावाने ठेवायचं, कोणाला बघू द्यायचं, कधी काढून टाकायचं. कोहाची एकेक स्क्रीन उघडत गेलात तर हेच प्रश्न ती तुम्हाला विचारते, म्हणून नवीन मुलामुलींना हा विषय दाखवायला मला त्याच्याइतकं चांगलं साधन दिसलं नाही. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, करणाऱ्यांनी पुस्तकातून मार्क पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या लॅपटॉपवर कोहा टाकून शंभर पुस्तकांच्या नोंदी कराव्यात, जास्त समजेल.

विषयशीर्षकांचं सांगायचं राहिलं. शेतीची पुस्तकं आमच्याकडे शेती, कृषी, शेतकी अशा तीन नावांनी पसरली होती. वाचक शेती म्हणतो, मग आम्ही शेती ठरवलं आणि बाकीची दोन तिकडे वळवली. ड्यूईप्रमाणे मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये येतं, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. आता निम्मं वाचनालय एका ८९१.४६३ मध्ये जाणार हे उघड आहे, म्हणून ललित विभागात पुढे लेखकाच्या नावाची अक्षरं लावली आणि रॅकवर मोठ्या अक्षरात कादंबरी, कथा असंच लिहिलं. आकडा ग्रंथपालासाठी, पाटी वाचकासाठी.

देवघेव एकदम सोपी. बारकोड स्कॅनर दोन-अडीच हजारांत येतो, सभासदाचं कार्ड टिक, पुस्तक टिक, झालं. कोणाला किती पुस्तकं, किती दिवस, दंड किती, हे सभासदाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार यांची जोडी करून ठरवता येतं, त्यामुळे बालविभागाला दंड नाही, संदर्भग्रंथ घरी नाही, दिवाळी अंकांना कमी दिवस, असं सगळं बसतं. दिवाळी अंकांना तर मी हात जोडते कोहाला, कारण कुठला अंक कोणाकडे आहे आणि पुढे रांगेत कोण आहे हे आता भांडणाशिवाय कळतं. ऑनलाइन यादी, म्हणजे ओपॅक, मोबाईलवर नीट दिसते. बायका घरून बघून येतात पुस्तक आत आहे की बाहेर, एक आजोबा नातवाकडून रिझर्व्ह करून घेतात.

रिपोर्टसाठी थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, लागतं, पण कोहाच्या विकीवर लोकांनी लिहून ठेवलेले शेकडो तयार रिपोर्ट आहेत, उचलून नाव बदलायचं. पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढली तेव्हा कमिटीत मोठी चर्चा झाली, सगळी निर्लेखित करा, म्हणजे संग्रहातून काढून टाका, असं एक मत. मी विरोध केला आणि परत करेन. ज्या पुस्तकाची फाटकी प्रत बाजारात सहज मिळते ते काढा, पण गावच्या जुन्या संस्थेची स्मरणिका कोणी वाचत नाही म्हणून काढायची नसते, ती दुसरीकडे कुठेच नाहीये. हा निर्णय रिपोर्ट घेत नाही. तपासणीसाठी लागणारं दाखल रजिस्टर आम्ही कोहातून छापून बांधून ठेवतो, आणि हाताने लिहिलेली जुनी रजिस्टरं जपून ठेवली आहेत, तुम्हीही ठेवा, त्यात देणगीदारांची नावं आणि शेरे असतात जे कुठल्याच फॉर्ममध्ये आलेले नसतात.

अजून एक, याकडे फार कोणी बघत नाही. सभासदाने काय काय वाचलं याचा इतिहास कोहा साठवून ठेवतं, सेटिंगमध्ये जाऊन पुस्तक परत आल्यावर नाव पुसायची सोय करता येते, किंवा सभासदाला स्वतःला ठरवू देता येतं. आम्ही ते चालू केलंय. छोट्या गावात कोण कुठल्या आजाराचं पुस्तक नेतंय, कोण घटस्फोटाच्या कायद्याचं नेतंय, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला कायम दिसत राहणं बरोबर नाही.

आता उणिवा. स्टाफची बाजू पहिल्यांदा बघितली की बटणांचा डोंगर वाटतो, नवीन माणसाला फक्त देवघेवीचे हक्क देऊन सुरुवात करा. एसएमएस पाठवायला बाहेरची पैसे देऊन घ्यायची सेवा लागते, शिवाय भारतात मेसेजचा नमुना डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, रजिस्टर करावा लागतो, छोट्या वाचनालयाला ते झेपत नाही, आम्ही ईमेल आणि फोनवर भागवतो. बॅकअप कोहा रोज रात्री घेतं खरं, पण त्याच मशीनवर ठेवतं, म्हणजे मशीन गेलं की दोन्ही गेलं, ती फाइल रोज बाहेर जाईल अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करा. यूपीएस हवाच. आणि व्हर्जन अपडेट वर्षानुवर्षं टाळू नका, मोठी उडी मारताना त्रास होतो.

पाचपैकी साडेचार स्टार देईन, अर्धा इंटरफेसचा कापला. कमिटीवाल्यांसाठी हिशेब असा: सॉफ्टवेअर शून्य, सर्व्हरला चांगला डेस्कटॉप, स्कॅनर, लेबलं, यूपीएस, वर्षाला सपोर्टचे थोडे पैसे, आणि या सगळ्याच्या वर शिकलेल्या ग्रंथपालाचा पगार. बजेट कमी असेल तर डेस्कटॉप जुना घ्या, पगारात कपात करू नका. सरकारी वर्गवारीतल्या ड वर्गाच्या छोट्या वाचनालयांना एकट्याने हे परवडणार नाही हे मला माहितीये, पण कोहात एकाच सर्व्हरवर अनेक शाखा ठेवता येतात, प्रत्येकाची पुस्तकं आणि सभासद वेगळे, यादी मात्र एकत्र. शेजारच्या दोन गावांशी आमचं त्याबद्दल बोलणं चालू आहे. तालुक्यातल्या अजून कोणाला यायचं असेल तर येताना फक्त दाखल रजिस्टर आणि नोंदी करायला बसणारा एक माणूस घेऊन या, मार्कचा फॉर्म आणि नावांची यादी आमच्याकडे तयार आहे, बसून शिकवते.